काँक्रीट ओतण्याआधी गॅसची वाहिनी आखा

प्रति,
मा. आयुक्त, बृहन्मुंबई महानगरपालिका
मा. व्यवस्थापकीय संचालक, महानगर गॅस लिमिटेड
मा. अध्यक्ष, पेट्रोलियम आणि नैसर्गिक वायू नियामक मंडळ

सप्रेम नमस्कार.

हे पत्र तिघांना मिळून लिहितो आहे, कारण काम तिघांचं मिळून आहे. रस्ता पालिकेचा. त्याखालची पिवळी-नारिंगी वाहिनी गॅस कंपनीची. ती किती खोल असावी, तिच्यात किती दाब असावा, जोड कसे तपासावेत, याचे नियम मंडळाचे. वेगवेगळी पत्रं पाठवली असती तर प्रत्येक टेबलावरून ‘हा विषय आमच्या अखत्यारीत नाही’ एवढंच उत्तर आलं असतं, आणि त्यात कुणी खोटंही बोललं नसतं.

मी माझगावात राहतो. नोकरीची सगळी वर्षं कारखान्यांच्या गॅसवाहिन्या आखण्यात गेली. आता निवृत्त आहे. आमच्या वॉर्डात आणि शेजारच्या डोंगरी-भायखळ्यात गेल्या काही काळापासून जे पाहतो आहे, त्यातून एकच मागणी करायची आहे. मुंबईच्या जुन्या वस्त्यांमधलं गॅसचं जाळं वाढवण्याचा आणि बळकट करण्याचा आराखडा रस्त्यांच्या काँक्रीटीकरणाच्या वेळापत्रकाला बांधून घ्या. ज्या गल्लीत अजून काँक्रीट पडलेलं नाही तिथे वाहिनी आधी, रस्ता नंतर. ही संधी हातातून चालली आहे.

पालिकेने दोन टप्प्यांत सुमारे 700 किलोमीटर रस्ते सिमेंट काँक्रीटचे करायला घेतले. त्याबद्दल तक्रार नाही. डांबरी रस्त्याचे दर पावसाळ्यात काय हाल होतात ते आम्ही सगळ्यांनी सोसलं आहे. पण काँक्रीटचा स्वभाव वेगळा. डांबर उकरून चर काढला, वाहिनी टाकली, पुन्हा डांबर ओतलं की ठिगळ का होईना, लागतं. काँक्रीटचा अख्खा पट्टा कापावा लागतो, आणि कापलेला पट्टा पूर्वीसारखा होत नाही. नवा काँक्रीट रस्ता खोदू द्यायचा नाही हे पालिकेचं धोरण म्हणूनच बरोबर आहे. ठेकेदाराकडे त्या रस्त्याची दहा वर्षांची जबाबदारी असताना कुणीही येऊन कापू लागलं तर ती जबाबदारी कागदावरच राहील.

म्हणजे ज्या गल्लीत आज वाहिनी नाही आणि काँक्रीट पडलं, त्या गल्लीला निदान दहा वर्षं पाइपचा गॅस नाही. जिथे वाहिनी आहे पण बारीक आहे, तिथे दहा वर्षं ती बारीकच राहणार. हे कुणी ठरवून करत नाही. दोन वेळापत्रकं एकमेकांना न विचारता पुढे सरकली की आपोआप होतं.

डोंगरीपासून माझगावपर्यंत चालत गेलं की अजून कितीतरी बेकऱ्या दिसतात. पहाटे पाव निघतो तेव्हा पुढच्या फळीवर लाद्या रचलेल्या असतात, सायकलवाले पोती भरत असतात आणि मागच्या अंगाला लाकडांचा ढीग असतो. जुन्या मोडलेल्या फर्निचरचं लाकूड, कधी रंग दिलेलं, कधी खिळे तसेच असलेलं. त्याचा धूर वरच्या मजल्यांवरच्या खिडक्यांतून घरात जातो. मुंबई उच्च न्यायालयाने जानेवारी 2025 मध्ये हवेच्या प्रदूषणाचा विषय स्वतःहून हाती घेतलेल्या प्रकरणात लाकूड-कोळशाच्या भट्ट्यांना सहा महिन्यांत गॅसवर किंवा अन्य स्वच्छ इंधनावर जायला सांगितलं. पालिकेने नोटिसा बजावल्या. निर्णय योग्यच होता. त्या धुरात वाढलेल्या मुलांसाठी तो उशिराच झाला.

पण बेकरीवाल्याच्या जागी उभं राहून बघा. नोटीस हातात आली. भट्टी बदलायची तर बर्नर, चिमणी, विटांचं काम असा मोठा खर्च. तोही करायची तयारी आहे. मग तो विचारतो, माझ्या गल्लीत गॅसची वाहिनी कुठे आहे? सर्वांत जवळची वाहिनी दोन गल्ल्या पलीकडे. मधला रस्ता नुकताच काँक्रीटचा झालेला. व्यावसायिक सिलिंडरची रांग भट्टीशेजारी लावावी, तर बारा फुटी गाळ्यात ती ठेवायची कुठे आणि अग्निशमन दलाची परवानगी मिळवायची कशी? ‘स्वच्छ इंधनावर जा’ हा आदेश त्याच्या दारापर्यंत पोहोचला, स्वच्छ इंधन मात्र पोहोचलं नाही.

इथे गॅसच्या जाळ्याबद्दल थोडं सविस्तर लिहिणं भाग आहे. कारण ‘वाहिनी आहे’ आणि ‘गॅस पुरतो’ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि आराखडे नेमके त्यातच फसतात.

शहरात गॅस शिरतो तो सिटी गेट स्टेशनातून. तिथे तो मोजला जातो आणि त्याला वास दिला जातो. मूळ नैसर्गिक वायूला वास नसतो, आपल्याला येतो तो मुद्दाम मिसळलेल्या रसायनाचा. तिथून पुढे पोलादी वाहिन्या 7 ते 49 बार (एक बार म्हणजे साधारण आपल्याभोवतीच्या हवेच्या दाबाएवढा दाब) या पट्ट्यातल्या दाबाने शहरभर जातात. मग ठिकठिकाणी दाब उतरवणारी केंद्रं लागतात, आणि त्यांच्यापुढे रस्त्याकडेच्या प्लॅस्टिकच्या वाहिन्या सुरू होतात, 7 बारच्या खाली. इमारतीच्या दाराशी आणखी एक रेग्युलेटर. शेवटी स्वयंपाकघरातल्या शेगडीशी दाब उरतो 21 मिलिबार, म्हणजे एका बारच्या पन्नासाव्या भागाच्या आसपास. एवढ्या उतरंडीत कुठेही टप्पा अपुरा पडला तर त्याचा फटका बसतो तो शेवटच्या घराला, आणि तोही संध्याकाळी सात-साडेसातला, दिवाळीच्या फराळाच्या दिवसांत, म्हणजे जेव्हा सगळ्यांच्या शेगड्या एकदम पेटतात तेव्हा. दुपारी तीनला तपासणीस आला तर त्याला सगळं ठीकच दिसणार.

वाहिनीतून जाणारा गॅस दुप्पट झाला की वाटेत पडणारी दाबाची तूट साधारण चौपट होते. म्हणून एकाच वाहिनीवर जोडण्या वाढवत गेलं की बराच काळ काही जाणवत नाही आणि मग अचानक सगळं बिघडल्यासारखं वाटतं. याची उलट बाजू फार आशेची आहे. वाहिनीचा व्यास वाढवला तर तूट त्याच्या पाचव्या घाताच्या प्रमाणात कमी होते. गल्लीत 63 मिलिमीटरऐवजी 125 मिलिमीटरची वाहिनी टाकली, तर तेवढ्याच गॅससाठी तूट जवळजवळ तिसाव्या भागावर येते. आणि पाइपची किंमत? रस्ता खोदणं, रात्रीची मजुरी, वाहतूक वळवणं, रस्ता पूर्ववत करण्याचं शुल्क हे सगळं एकत्र केलं तर पाइपच्या व्यासातला फरक त्यात किरकोळ ठरतो. खड्डा तोच, माती तीच, परवानगीही तीच. म्हणून महानगर गॅसच्या नियोजन विभागाला माझी कळकळीची विनंती: या जुन्या गल्ल्यांत आजच्या जोडण्या मोजून पाइपचा आकार ठरवू नका. तिथे उद्या काय उभं राहणार आहे ते मोजा.

काय उभं राहणार आहे ते तर डोळ्यांसमोर आहे. वरळीच्या बीडीडी चाळी तळमजला अधिक तीन मजल्यांच्या होत्या. त्यांच्या जागी चाळीस मजली इमारती आल्या आणि ऑगस्ट 2025 मध्ये पहिल्या रहिवाशांना घरांच्या चाव्याही मिळाल्या. नायगावला आणि ना. म. जोशी मार्गाला तेच चाललं आहे. लालबाग, परळ, भायखळा, माझगाव, सगळीकडे उपकरप्राप्त (दुरुस्तीसाठी उपकर भरणाऱ्या जुन्या) इमारती पाडून टॉवर येत आहेत. ज्या गल्लीतून साठ बिऱ्हाडांना गॅस जात होता तिथून सहाशे बिऱ्हाडांना न्यायचा आहे. पुनर्विकासाच्या परवानग्या पालिकेतूनच जातात. कुठल्या भूखंडावर किती सदनिका येणार हे पालिकेला दोन-तीन वर्षं आधी ठाऊक असतं. ती यादी दर तिमाहीला गॅस कंपनीच्या आखणी विभागाकडे गेली पाहिजे. जात असेल तर उत्तमच, पण मग तिचं प्रतिबिंब खोदकामाच्या अर्जांत दिसायला हवं.

(टॉवरबद्दल लोकांच्या मनात एक गैरसमज असतो, तो इथेच दूर करतो. पाण्यासारखा गॅस वरच्या मजल्यांना कमी पडत नाही. नैसर्गिक वायू हवेपेक्षा हलका असल्याने उभ्या पाइपमध्ये वर जाताना त्याचा दाब उलट थोडा वाढतो. अडचण चाळिसाव्या मजल्याची नसून खालच्या गल्लीतल्या वाहिनीची असते.)

दुसरा मुद्दा जाळ्याच्या रचनेचा. जुन्या वस्त्यांत वाहिन्या बहुतेक वेळा गरजेप्रमाणे वाढत जातात. एका मोठ्या वाहिनीतून फाटा, फाट्याला फाटा, आणि शेवटी बंद टोक. स्वस्त पडतं, लवकर होतं. पण मधे कुठेही वाहिनी फुटली किंवा दुरुस्तीला घ्यावी लागली की पुढची सगळी गल्ली बंद. टोकं एकमेकांना जोडून वर्तुळं केली, प्रत्येक भागाला दोन बाजूंनी गॅस मिळाला आणि मधे योग्य ठिकाणी व्हॉल्व बसवले, तर फुटलेला तुकडा तेवढा वेगळा काढून बाकीच्यांची चूल चालू ठेवता येते. आणि ही टोकं जोडायला बऱ्याचदा फार लांब खोदावं लागत नाही; दोन बंद टोकांच्या मधे एखाद्या गल्लीचंच अंतर असतं. नेमकी तीच गल्ली उद्या काँक्रीटची होणार असेल, तर तो जोड आज व्हायला हवा.

एकाच वाटेवर विसंबण्याची किंमत काय असते ते सगळ्या मुंबईने नोव्हेंबर 2025 मध्ये पाहिलं. चेंबूरच्या आरसीएफ खत कारखान्याच्या आवारात ‘गेल’ या सरकारी गॅसवाहतूक कंपनीच्या मुख्य वाहिनीला बाहेरच्या कामामुळे इजा झाली आणि वडाळ्याच्या सिटी गेट स्टेशनला जाणारा गॅस अडला. सीएनजी पंपांवर रिक्षा-टॅक्सींच्या रांगा लागल्या, शाळेच्या बस अडकल्या, रोजच्या कमाईवर जगणाऱ्या चालकांचे दोन दिवस रांगेत गेले. घरगुती ग्राहकांना मात्र प्राधान्याने गॅस दिला गेला. या प्रसंगात गॅस कंपनीच्या माणसांनी घरांच्या चुली चालू ठेवल्या हे मोलाचं आहे. मोठ्या वाहिन्यांमध्ये दाबाखाली साठलेला गॅस काही तास पुरतो, आणि पंपांचा वापर थांबवला की तो घरांकडे वळवता येतो. पण असा साठा पुरण्यालाही मर्यादा आहे. ती इजा गल्लीतल्या वाहिनीला नव्हती, त्याहून खूप वरच्या टप्प्याला होती, हे मान्य. तरी धडा सगळ्या टप्प्यांना लागू आहे. शहराच्या प्रत्येक मोठ्या भागाला गॅस दोन वाटांनी कसा पोहोचेल, हा प्रश्न नव्या आराखड्याच्या पहिल्या पानावर असायला हवा.

आता नकाशाचा विषय. माझ्या मते सगळ्यात मोठी गरज हीच आहे.

मार्च 2025 मध्ये अंधेरी पूर्वेला, शेर-ए-पंजाब परिसरात, रात्री खोदकाम चालू असताना गॅसवाहिनी फुटली आणि पेट घेतला. रस्त्यावरून जाणारी माणसं भाजली, वाहनं जळाली. चौकशी, गुन्हा, ठेकेदारावर कारवाई, हे सगळं आपल्या जागी. माझा प्रश्न त्याच्या आधीचा आहे. जेसीबीच्या चालकाला, त्याच्या मुकादमाला, त्या रात्री हातात काय दिलं जातं? एखादी झेरॉक्स, ज्यात वाहिनी ‘रस्त्याच्या डाव्या कडेने’ दाखवलेली असते. पण रस्ता त्यानंतर दोनदा रुंद झालेला असतो, कड सरकलेली असते, पदपथ उंच झालेला असतो. नियमाप्रमाणे वाहिनीवर मीटरभर मातीचं आच्छादन असायला हवं. वर भराव झाला की ती दीड मीटरवर जाते, रस्ता उतरवला की अर्ध्यावर येते. प्लॅस्टिकची वाहिनी साध्या धातूशोधकाला सापडतही नाही. चालकाला कळतं ते बादलीचा दात लागल्यावर.

केंद्र सरकारने मार्च 2023 मध्ये ‘कॉल बिफोर यू डिग’ नावाचं ॲप आणलं आहे. खोदणाऱ्याने आधी कळवायचं आणि जमिनीखालच्या सेवा ज्यांच्या, त्यांनी उत्तर द्यायचं. कल्पना चांगली आहे. पण उत्तर देणाऱ्याकडेच अचूक नकाशा नसेल तर ॲप काय सांगणार? म्हणून पालिकेला विनंती आहे की काँक्रीटीकरणासाठी जो रस्ता उघडला जाईल, त्याच्या पोटातल्या प्रत्येक वाहिनीची जागा आणि खोली त्याच वेळी मोजून घ्या. पाण्याची, मलनिःसारणाची, बेस्टच्या विजेची, दूरसंचारची, गॅसची, सगळ्यांची. रस्ता उघडा असताना मोजणारा एक माणूस आणि एक यंत्र पुरतं. रस्ता बुजल्यावर तीच माहिती मिळवायला जमिनीखाली पाहणारं रडार आणावं लागतं, आणि मुंबईच्या खारट, ओल्या भरावात त्या रडारलाही नीट दिसत नाही. मोजलेलं सगळं एकाच नकाशात, एकाच मापनपद्धतीत ठेवा. नकाशा सर्वांसाठी खुला करा असं मी म्हणत नाही, त्यात सुरक्षेचे प्रश्न आहेत. पण खोदाईचा परवाना हातात पडताना त्या शंभर मीटरचा ताजा तुकडा त्याला जोडलेला असलाच पाहिजे, आणि नसेल तर परवाना देऊ नये. नियामक मंडळाने गॅस कंपन्यांसाठी हे बंधनकारक केलं, तर बाकीच्या सेवांनाही पाठोपाठ यावं लागेल.

नकाशा आणि आखणीतली एक चूक किती महाग पडते याचं एक उदाहरण माझ्या क्षेत्रातले सगळे जाणतात, ते इथेही सांगायला हवं. 13 सप्टेंबर 2018. अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्यातली लॉरेन्स, अँडोव्हर आणि नॉर्थ अँडोव्हर ही गावं. काम होतं जुन्या बिडाच्या गॅसवाहिन्या काढून प्लॅस्टिकच्या टाकण्याचं, म्हणजे अगदी सुधारणेचंच. दाब नियंत्रित करणाऱ्या केंद्राला वाहिनीतला दाब कळवणाऱ्या बारीक नळ्या जुन्या वाहिनीला जोडलेल्या होत्या. आराखडा करताना त्या नव्या वाहिनीवर हलवायचं कुणाच्या ध्यानात आलं नाही. कामाच्या कागदपत्रांत त्यांचा उल्लेखच नव्हता. जुनी वाहिनी बंद केल्यावर तिच्यातला दाब उतरत गेला. नियंत्रकाला वाटलं की जाळ्यातलाच दाब पडतो आहे, म्हणून त्याने झडप उघडत नेली. घराघरांत प्रमाणाबाहेर दाबाचा गॅस शिरला. काही तासांत शंभरहून अधिक घरं-इमारतींचं नुकसान झालं, अठरा वर्षांच्या एका मुलाचा जीव गेला, वीसहून जास्त माणसं जखमी झाली, पन्नास हजार लोकांना घर सोडायला सांगावं लागलं. यंत्र बिघडलं नव्हतं, पाइपही फुटला नव्हता. खड्ड्यातल्या कामगारांनी हातातल्या कागदाप्रमाणेच काम केलं होतं. चूक कागदात होती. चौकशी करणाऱ्या राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळानेही बोट ठेवलं ते अभियांत्रिकी व्यवस्थापनावर, म्हणजे कामाची आखणी, पडताळणी आणि क्रम यांवर.

आपल्याकडे इमारतीच्या दाराशी स्वतंत्र रेग्युलेटर असल्याने अगदी तसंच इथे होईल असं नाही. पण जुन्या-नव्याचा सांधा बदलण्याचा दिवस हा कुठल्याही जाळ्याचा सर्वांत नाजूक दिवस असतो. त्या दिवशीच्या आराखड्यावर तो बनवणाऱ्याव्यतिरिक्त आणखी एका अनुभवी अभियंत्याची सही असावी, आणि ज्या विभागाचे लोक दाब नियंत्रण केंद्र रोज सांभाळतात त्यांना तो आधी दाखवलेला असावा. आपल्या नियामक मंडळाने हा नियम लेखी करावा. सहीचा खर्च काहीच नाही.

खड्ड्यात उतरणाऱ्या माणसांबद्दलही बोलायला हवं. आमच्या गल्लीच्या तोंडाशी मध्यंतरी वाहिनी जोडण्याचं काम चाललं होतं, ते मी उभं राहून पाहिलं. वेल्डर पोरगा पंचविशीतला असेल. त्याने पाइपचं टोक हाताच्या खरवडणीने गोल गोल खरवडलं, वरचा पातळ थर निघून खालचा ताजा पिवळा दिसेपर्यंत. मग पुसलं, खूण केली, जोड बसवला, शिकंज्यात आवळलं, जोड तापवून वितळवणाऱ्या यंत्राच्या तारा लावल्या. आतलं प्लॅस्टिक वितळल्याची खूण म्हणून जोडावरची दोन छोटी बोंडं वर आली तशी त्याने घड्याळ लावलं आणि थंड होईपर्यंत शिकंजा सोडला नाही. मुकादम मागून ‘चल, आटप, चर बुजवायचाय’ म्हणत होता. पोरगा हलला नाही. तो जोड पन्नास वर्षं टिकेल. पण उद्या रस्ता काँक्रीटचा व्हायचाय म्हणून त्याला एका रात्रीत दुप्पट जोड करायला लावले, तर तो शिकंजा आधी सुटणार, आणि त्या जोडातली खोट कळायला काही वर्षं जातील. म्हणून वेळापत्रक एकत्र करा म्हणताना माझा अर्थ ‘घाईने उरका’ असा अजिबात नाही. रस्ते विभागाने गल्लीची तारीख किमान सहा महिने आधी द्यावी, आणि गॅसच्या कामाला पुरेशा रात्री मिळाल्याशिवाय काँक्रीटचा मिक्सर आत येऊ नये.

बदलाच्या दिवशी घरांचा पुरवठा थांबवावा लागतो, त्याबद्दल रहिवासी म्हणून थोडं. गॅस गेला की कुणीतरी शेगडीची कळ उघडून बघतं, आणि ती तशीच उघडी राहते. गॅस परत येतो तेव्हा घरात कुणी नसेल तर तो खोलीत भरत राहतो. वास येतो खरा, पण यायला नाक हवं. म्हणून पुरवठा सुरू करण्याआधी प्रत्येक घराचा व्हॉल्व बंद असल्याची खात्री माणसानेच करावी लागते. आमच्यासारख्या वस्तीत त्यासाठी दारावर चिकटवलेली इंग्रजी नोटीस उपयोगाची नाही. मराठी, हिंदी आणि उर्दूत छापा, मशिदीच्या आणि गणेश मंडळाच्या फलकावर लावा, सोसायटीच्या सचिवाला आणि चाळीच्या चाळकऱ्यांना प्रत्यक्ष भेटा. रमजानात, गणपतीत आणि दिवाळीत हे काम नको. बंद ठेवायची वेळ सकाळचा डबा झाल्यानंतरची आणि संध्याकाळच्या चहाआधीची असू द्या. या गोष्टी तांत्रिक आराखड्यात लिहिल्या गेल्या तरच पाळल्या जातात; ठेकेदाराच्या समजूतदारपणावर सोडल्या की विसरल्या जातात.

एक आक्षेप मी स्वतःच घेतो, कारण तो महत्त्वाचा आहे. जग विजेच्या शेगडीकडे चाललं आहे, मिथेन गळाला तर तो कार्बन डायऑक्साइडपेक्षा कितीतरी पट उष्णता अडवतो, मग आता गॅसच्या वाहिन्यांवर पैसा कशाला? माझं उत्तर असं: प्रत्येक गल्लीत वाहिनी हवीच असा माझा हट्ट नाही. काही गल्ल्या इतक्या अरुंद आहेत, खाली इतक्या सेवा एकमेकींवर चढलेल्या आहेत, की तिथे सुरक्षित अंतर ठेवून गॅसवाहिनी टाकताच येणार नाही. तिथे उगाच आशा लावू नका. ‘इथे वाहिनी येणार नाही’ असं आजच स्पष्ट लिहून द्या आणि तिथल्या बेकरीवाल्याला विजेच्या ओव्हनसाठी जादा भाराची जोडणी बेस्टकडून प्राधान्याने मिळवून द्या. त्याची बिकट अवस्था गॅस नसल्याने झालेली नाही, अनिश्चिततेने झाली आहे. पण जिथे हजारो घरं आणि डझनभर भट्ट्या पुढची वीस वर्षं गॅसवरच चालणार आहेत तिथे बारीक, एकमार्गी, नकाशाबाहेरची वाहिनी ठेवणं हा पर्यावरणाचा विचार होत नाही. गळतीही तिथेच जास्त होते.

महानगर गॅसची स्थापना 1995 ची. गेल्या तीस वर्षांत या शहराने आणि आसपासच्या भागाने पंचवीस लाखांहून अधिक घरांत पाइपचा गॅस नेला. सिलिंडर खांद्यावर घेऊन चार जिने चढणारी माणसं आम्ही पाहिली आहेत, त्यामुळे याचं मोल आम्हाला ठाऊक आहे. मात्र या सगळ्या काळात यश मोजलं गेलं ते नव्या जोडण्यांत आणि किलोमीटरमध्ये. पुढच्या टप्प्यासाठी माप बदला. प्रत्येक वॉर्डातल्या शेवटच्या टोकावर दाब नोंदवणारं एक साधं यंत्र बसवा आणि संध्याकाळी साडेसातचा आकडा दर महिन्याला जाहीर करा. त्या एका आकड्यात पाइपचा व्यास, रचना, गळती, पुनर्विकासाचा अंदाज, सगळ्याचा हिशेब दिसतो, आणि तो लपवता येत नाही.

तूर्त एवढं तरी करावं. ई (भायखळा-माझगाव) आणि बी (डोंगरी) वॉर्डात ज्या रस्त्यांचं काँक्रीटीकरण अजून सुरू झालेलं नाही त्यांची यादी वॉर्ड ऑफिसच्या फलकावर लावावी. तिच्याशेजारी गॅस कंपनीने प्रत्येक गल्लीपुढे लिहावं: वाहिनी आहे की नाही, किती व्यासाची, वाढवणार की नाही, आणि वाढवणार असेल तर कोणत्या महिन्यात. मग दोन्ही विभागांच्या अभियंत्यांनी एखाद्या शनिवारी वॉर्ड ऑफिसात रहिवासी, सोसायट्या आणि बेकरीमालक यांच्यासमोर बसून त्या यादीवरून बोट फिरवावं. जुनी ड्रॉइंग वाचायला मला येतात, आणि कोणत्या गल्लीत कुठला चर कधी पडला हे सांगणारी म्हातारी माणसं आमच्याकडे अजून आहेत. बोलावलंत तर आम्ही सगळे येऊ.

कळावे,
आपला,
माझगावातील एक गॅसग्राहक आणि निवृत्त वाहिनी अभियंता